सोलापूरच्या घरात मायक्रोग्रीन्स: पहिला डबा लावणाऱ्यांसाठी

नवरात्रात ज्यांच्या घरी घट बसतो, त्यांनी मायक्रोग्रीन्स आधीच पिकवलेली आहेत. परडीत शेतातली माती, त्यात धान्य, मधे पाण्याचा कलश, वरून रोज एक माळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती फुगून वर येते आणि दसऱ्यापर्यंत वीतभर पिवळी रोपं उभी राहतात. माझा मोहरीचा पहिला डबा बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर घटच की!" खरंच होतं त्यांचं. घट देवघरातल्या अंधारात वाढतो म्हणून पिवळा राहतो. आपण डबा शेवटचे चार दिवस उजेडात ठेवतो, रोपं हिरवी होतात आणि मुळांच्या वर कापून ताटात घेतो.

मी गेली तीन वर्षं जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे करते आहे. पहिल्या वर्षातले निम्मे डबे फुकट गेले. वाचलेली बरीचशी माहिती थंड, दमट गावांसाठी लिहिलेली होती. आपल्याकडे मार्चपासून ऊन तापतं, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि बोअरचं पाणी जड असतं. या तीन गोष्टी सांभाळल्या की बाकीचं काम सोपं आहे. म्हणून हा लेख खास आपल्या गावासाठी.

मोड आणि मायक्रोग्रीन्स यांत घोळ होतो, तेवढा आधी दूर करते. मोड म्हणजे कडधान्य भिजवून, फडक्यात बांधून, दोन दिवसांत मुळासकट खायचं. मायक्रोग्रीन्स म्हणजे बी कशात तरी रुजवून, पहिली दोन दलं (बीतूनच निघणारी जोडपानं) पूर्ण उघडली की साधारण ७ ते १४ दिवसांत देठापासून कापायचं. मुंबईच्या बाजारात पांढऱ्या मुळांची, बोटाएवढी समुद्रमेथी मिळते. ती वाळूत वाढवलेली असते. ती ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मायक्रोग्रीन्सची चव वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१. आधी महिना बघा, मग सामान आणा

सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा भरते तो जानेवारी महिना सगळ्यात चांगला. रात्री गार, दिवसा कोरडं, बुरशी कमी. या दिवसांत मोहरी, मुळा, मेथी, वाटाणा, काहीही लावा, येतं.

मार्च ते मे हा कठीण काळ. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेला डबा संध्याकाळी हाताला गरम लागतो. वाटाणा उन्हाळ्यात लावूच नका, तो सडतो. मोहरी येते, पण लवकर तिखटजाळ आणि चिवट होते. उन्हाळ्यात राजगिरा आणि अंबाडी लावा, त्यांना ऊब मानवते. जून ते सप्टेंबर पाऊस आपल्याकडे बेताचाच, पण हवा दमट आणि कोंदट असते. तेव्हा बी नेहमीपेक्षा विरळ टाकायचं.

घरात कूलर असेल तर डबा त्या खोलीत ठेवू नका. कूलरची ओली हवा दिवसभर लागली की तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. मी दोन उन्हाळे हीच चूक करत होते, कारण घरातली सगळ्यात गार खोली तीच होती.

२. लागणारं सामान

- सारख्या मापाचे दोन पसरट प्लॅस्टिकचे डबे. एक फूट लांब, आठ इंच रुंद, दोन-अडीच इंच खोल. खाली दिलेली सगळी मापं याच डब्याची आहेत.
- कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट, साधारण ६५० ग्रॅमची. नर्सरीत मिळते. एका विटेत तीन-चार डबे होतात.
- फवाऱ्याची बाटली. नवी घ्या. काच पुसायच्या औषधाची रिकामी बाटली धुऊनही वापरू नका.
- वजनासाठी फरशीचा तुकडा किंवा पाण्याने भरलेली बाटली.
- धारदार कात्री, फक्त याच कामासाठी ठेवलेली.
- चाळणी, सुती फडकं, आणि तारीख लिहायला कागदाची चिकटपट्टी.

विकतचे तयार संच घ्यायची गरज नाही. मी एक मागवला होता. त्यातल्या बियांच्या पुडीवर ना तारीख होती ना कशाचं बी आहे ते धड लिहिलेलं, आणि निम्मंही रुजलं नाही. खर्च करायचाच तर चांगल्या कात्रीवर करा.

दोनपैकी एका डब्याच्या तळाला गरम केलेल्या दाभणाने वीस-पंचवीस भोकं पाडा. खिडक्या उघड्या ठेवून करा, प्लॅस्टिकचा धूर वाईट. दुसरा डबा तसाच ठेवा, तो खाली पाणी धरायला.

३. बी: सगळ्यात जास्त विचार इथे करा

सगळ्यात मोठा धोका बियाण्यात आहे. शेतीच्या दुकानात मिळणारं पेरणीचं बियाणं गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगात रंगवलेलं असतं. तो रंग म्हणजे बीजप्रक्रियेची खूण. त्यावर बुरशीनाशक आणि कधी कीटकनाशकही चोळलेलं असतं. शेतात पेरून दोन-तीन महिन्यांनी पीक घ्यायचं असतं म्हणून तिथे ते चालतं. आपण आठव्या दिवशी रोप खाणार, आणि बीचं टरफल बऱ्याचदा पानाला चिकटलेलंच असतं. असं बी धुऊनही घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका दुकानदाराने मला मुळ्याचं गुलाबी बी "दोनदा धुतलं की झालं" म्हणून दिलं होतं. ते मी परत केलं. पुडीवर विषाची खूण किंवा 'खाण्यासाठी नाही' असं काहीही छापलेलं दिसलं की पुडी खाली ठेवा.

मग बी आणायचं कुठून? स्वयंपाकघरातून. मोहरी, मेथी, धने, अहळीव, राजगिरा, वाटाणा हे सगळं आपण खातोच, त्यामुळे त्याला शेतीचं औषध चोळलेलं नसतं. किराणा दुकानातून किंवा मार्केट यार्डातून नवा माल मागा. मुळ्याचं बी तेवढं बियाणेवाल्याकडूनच घ्यावं लागतं. प्रक्रिया न केलेलं, रंग नसलेलं बी आहे का, असं स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट जिवाची आहे, म्हणून नीट वाचा. ज्वारीची मायक्रोग्रीन्स करू नका. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, घरोघरी कडक भाकरी आहे, हिवाळ्यात शेतावर हुरडा पार्टी आहे. त्यामुळे हाताशी ज्वारीच असते आणि तीच पेरून बघावी असं वाटतं. हुरडा कोवळा असतो म्हणून रोपही चालेल असा समज होतो. पण हुरडा म्हणजे कणसातला कोवळा दाणा. ज्वारीच्या कोवळ्या रोपात असं द्रव्य असतं ज्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी किंवा कापल्यावर फुटलेले फुटवे खाऊन जनावर दगावतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. घटात ज्वारी घालतात, पण घट कुणी खात नाही.

तशीच न लावायची बाकी बियाणी: राजमा आणि पावटा, कारण ते कच्चे बाधतात. टोमॅटो, मिरची, वांगं, कारण त्यांची रोपं खायची नसतात. लाख, म्हणजे लाखोळीची डाळ, हीही नको.

आता काय लावायचं ते सांगते.

*मोहरी.* पहिला डबा हिचाच लावा. भिजवावी लागत नाही, दोन दिवसांत रुजते, हिवाळ्यात सात-आठ दिवसांत तयार होते. दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे सात-आठ ग्रॅम, एका डब्याला पुरे. चव नाकात चढते.

*मुळा.* मोहरीइतकाच सोपा, देठ जाड आणि रसाळ. पंधरा ग्रॅम. चार तास भिजवा.

*मेथी.* वीस ग्रॅम, रात्रभर भिजवून. नऊ-दहा दिवस लागतात. उशीर केला तर कडवट होते. पहिलं खरं पान डोकावायच्या आधीच कापा.

*वाटाणा.* किराण्यातला अख्खा वाळलेला वाटाणा, सव्वाशे ग्रॅम, दहा-बारा तास भिजवून. भिजवल्यावर पाणी गडद हिरवं झालं तर त्याला रंग लावलेला आहे, सगळा टाकून द्या. याचे कोवळे शेंडे मटारच्या शेंगेसारखे गोड लागतात. आणि खालचं पेर ठेवून कापलं तर हा एकदा पुन्हा फुटतो, जे मोहरी-मुळ्याचं होत नाही.

*करडई.* ही खास आपली. करडईची कोवळी भाजी आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. शेतकऱ्याकडून किंवा तेलघाण्यावाल्याकडून अख्खी, बिनप्रक्रियेची करडई मिळवा. चाळीस ग्रॅम, आठ तास भिजवून. टरफलं पानाला चिकटून राहतात. सकाळी फवारा मारून मऊ झाली की हाताने अलगद झाडायची. पान मोठं होऊ दिलं की काटे सुरू होतात, तेव्हा दोन दलांवरच कापा.

*धने.* वास अप्रतिम, पण १८ ते २० दिवस लागतात. लाटण्याने हलकेच रगडून प्रत्येक धन्याचे दोन भाग करा, मग एक दिवस भिजवा. पहिल्या महिन्यात नको.

*अहळीव.* याला भिजवलंत की चिकट गोळा होतो. कोरडंच ओल्या कोकोपीटवर भुरभुरायचं आणि वर वजन ठेवायचं नाही. सब्जाही तसाच.

मूग आणि मटकी मी लावणं सोडलं. त्यांचे मोडच चांगले. पानाला चव नाही आणि डबाभर जागा जाते.

कुठलंही नवं बी आणलं की आधी परीक्षा घ्या. पन्नास दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, वाटीत झाकून ठेवा. तीन-चार दिवसांनी मोजा (धन्याला आठवडाभर द्या). पंचेचाळीस रुजले तर उत्तम. चाळीसच्या खाली आले तर ते बी फोडणीत वापरा. न रुजलेला प्रत्येक दाणा डब्यात सडतो आणि शेजारच्या चांगल्या दाण्यालाही घेऊन बसतो.

४. कशात रुजवायचं

आपली काळी माती शेताला सोन्यासारखी आहे, डब्याला नाही. पाणी घातलं की चिखल, वाळली की भेगा, आणि भेगेसोबत कोवळी मुळं तुटतात. शिवाय कापताना माती पानाला लागते.

कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात घाला, तासाभरात फुगते. मग ते पाणी ओतून द्या आणि कोकोपीट आणखी दोनदा धुऊन घ्या. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघतं, तिसरं बरंच फिकट. नळाला पाणी येतं त्याच दिवशी हे काम उरका आणि धुतलेलं पाणी बाथरूमला वापरा. मूठभर कोकोपीट हातात दाबून बघा. एखाद-दुसरा थेंब गळावा, धार लागली तर जास्त ओलं आहे.

शेणखत, कंपोस्ट काही मिसळू नका. आठ-दहा दिवसांचं खाणं बीच्या पोटातच असतं. कच्च्या शेणखतातून जंतू मात्र येतात.

कोकोपीट नसेल तर सोलापुरात आणखी एक सोय आहे: टॉवेल. इथल्या यंत्रमागावरचा जुना, मऊ झालेला, सुती टॉवेल गरम पाण्यात उकळून घ्या, डब्याच्या मापाचा तुकडा कापा आणि दुहेरी घालून भिजवा. मोहरी आणि मुळा त्यावर सुरेख येतात. तिसऱ्या दिवशी तुकड्याचा कोपरा उचलून बघा. टॉवेलच्या एकेका फाशातून पांढरं मूळ ओवून गेलेलं असतं, ओढलं तरी सुटत नाही. टॉवेल लवकर वाळतो, दिवसातून तीनदा बघावा लागतो. आणि एकदा वापरलेला तुकडा परत वापरायचा नाही. मुळं निघत नाहीत, ती आत कुजतात.

५. पेरणी

भोकं पाडलेल्या डब्यात दीड इंच कोकोपीट भरा. हाताने सपाट करा, दाबून घट्ट करू नका. कोपऱ्यात खड्डा राहिला तर पाणी तिथे साचतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

बी वरच पसरायचं, पुरायचं नाही. बारीक बी चिमटीतून रांगोळीसारखं सोडा, आधी आडवं, मग उभं. दाण्यांचा एकच थर हवा. दाण्यावर दाणा चढला की तिथे हवा खेळत नाही. नवखी माणसं सगळी इथेच चुकतात. बी स्वस्त असतं, हात सैल सुटतो, आणि चौथ्या दिवशी मधोमध कापसासारखा गोळा दिसतो. माप करून घ्या, डोळ्यांवर जाऊ नका.

पसरून झालं की फवारा मारा आणि चिकटपट्टीवर बीचं नाव, तारीख लिहून डब्याला लावा. तीन डबे झाले की कुठला कधीचा हे लक्षात राहत नाही.

६. अंधाराचे तीन-चार दिवस

डब्यावर आतल्या मापाचा पुठ्ठा किंवा ताटली ठेवा आणि वर वजन. मोहरी-मुळ्याला अर्धा किलो, वाटाण्याला एक-दीड किलो. या वजनाने बी कोकोपीटला टेकून राहतं, मूळ सरळ खाली घुसतं आणि देठ जाड होतो. टरफलंही बऱ्यापैकी गळतात. ताटली प्लॅस्टिकची असेल तर पुसून घ्या.

दिवसातून दोनदा उघडा, बघा, गरज असेल तर फवारा मारा, परत झाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी ताटली एका बाजूने वर उचललेली दिसेल. कुंकवाच्या टिकलीएवढी ती रोपं, पण शेकड्यांनी मिळून अर्धा किलो उचलतात. मला अजून दर वेळी ते बघायला आवडतं, मुलीला हाक मारून दाखवते.

रोपं इंच-सव्वा इंच झाली की वजन काढा. या वेळी ती घटासारखी पिवळी असतात. घाबरू नका, रंग यायचा आहे.

७. उजेड

पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. आपल्या दुपारच्या उन्हात मात्र फेब्रुवारीतसुद्धा ठेवू नका, दोन तासांत माना टाकतात. दिवसभर खोलीतला चांगला उजेड पुरतो. पिवळी रोपं सकाळी खिडकीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत हिरवट दिसू लागतात. सगळी खिडकीकडे झुकतात, म्हणून डबा रोज फिरवा.

खिडकी नसलेल्या घरात साधी पांढरी एलईडी ट्यूब डब्यापासून फूटभर वर, दिवसाला बारा तास लावली तरी जमतं. जांभळे महागडे दिवे लागत नाहीत.

८. पाणी

रोपं उजेडात आली की वरून फवारणी बंद, करडईची टरफलं मऊ करण्यापुरती सोडून. भोकांचा डबा बिनभोकाच्या डब्यात ठेवा, खालच्या डब्यात पेलाभर पाणी ओता आणि वीस मिनिटं थांबा. कोकोपीट हवं तेवढं ओढून घेतं. उरलेलं पाणी ओतून द्या, कुंडीला चालेल. पानं कोरडी राहिली की निम्मे रोग टळतात.

हिवाळ्यात दिवसाला एकदा, उन्हाळ्यात दोनदा. डबा उचलून वजनाचा अंदाज घ्यायला शिका. दोन-तीन डब्यांनंतर हाताला कळतं. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरातही हे जड जात नाही, एका डब्याला आठवडाभरात लिटर-दीड लिटरच लागतं. उजनीवरून आलेलं नळाचं पाणी झाकून ठेवलेलं असेल तर तेच वापरा.

तीन पाणी टाळा. एक, बोअरचं जड पाणी. कोकोपीटवर पांढरी खपली येते आणि पानांच्या कडा करपतात. दोन, आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी. बचत म्हणून ते वापरायचा मोह होतो, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. तीन, तांदळाचं धुवण. गुलाबाला ते आवडतं, डब्यात ते बुरशीचं खाद्य होतं.

९. ती बुरशी आहे की मुळांची लव?

तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर पांढरं काहीतरी दिसतं आणि पुष्कळजण सगळा डबा कचऱ्यात टाकतात. थांबा. मुळ्याच्या आणि मोहरीच्या मुळाला कापसासारखी बारीक लव असते. ती प्रत्येक मुळाभोवती सारखी, स्वच्छ पांढरी दिसते, आणि फवारा मारला की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. ती हवीच, रोप तिनेच पाणी पितं.

बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते, बहुधा एखाद्या कोपऱ्यात किंवा दाट जागी. फवारा मारला तरी दिसतेच, आणि कुबट वास येतो. नाक जवळ नेऊन वास घ्या, फसवणूक होत नाही.

रुपयाएवढा डाग असेल तर तेवढा भाग भोवतालच्या दोन बोटं कोकोपीटसकट चमच्याने काढा, डबा लगेच उजेडात आणि हवेशीर जागी ठेवा. हाताएवढा पसरला असेल, किंवा देठ बुडाशी पाणचट होऊन रोपं आडवी पडत असतील, तर सगळं टाका. डबे साबणाने धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा. एवढं ऊन आपल्याला मिळतं, त्याचा उपयोग करा.

१०. कापणी आणि स्वच्छता

कापायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी देऊ नका, पानं कोरडी हवीत. सकाळी लवकर, हात धुऊन, धुतलेल्या कात्रीने कोकोपीटच्या अर्धा इंच वरून कापा. रोज लागेल तेवढंच कापलं तर दोन-तीन दिवस डब्यातच ताजं राहतं. साठवायचं असेल तर न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. पाच-सहा दिवस टिकतं. धुवायचं ते खाण्याच्या वेळी, पिण्याच्या पाण्याने.

स्वच्छतेचा मी फार आग्रह धरते, त्याला कारण आहे. जर्मनीत २०११ साली ई-कोलाय जिवाणूची मोठी साथ आली. जवळपास चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून जास्त दगावली. माग काढता काढता तपास मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला. मायक्रोग्रीन्समध्ये मूळ आणि बी खाल्लं जात नाही म्हणून धोका कमी, पण कच्चं खातो म्हणून तो संपत नाही. घरात गरोदर बाई, लहान बाळ, खूप वयस्कर किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर त्यांना वाफवून किंवा आमटीत उकळून द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हिरवा पाला वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण पाल्यातलं के जीवनसत्त्व काही गोळ्यांच्या कामात आड येतं.

पोषणाबद्दल अवास्तव बोललं जातं, म्हणून एवढं सांगते. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठ आणि तिथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये २५ प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली. जीवनसत्त्वं चांगली सापडली, पण प्रत्येक प्रकारात प्रमाण फार वेगवेगळं निघालं. सी जीवनसत्त्व सगळ्यात जास्त होतं लाल कोबीत. आपण एका वेळी मूठभर खातो, वीस-पंचवीस ग्रॅम. ते पालेभाजीच्या जोडीला आहे. लक्ष्मी मंडईतून आणलेली मेथीची जुडी बंद करू नका.

११. खायचं कसं

कडक भाकरी चुरून, त्यावर शेंगाची चटणी, दही आणि मूठभर मोहरीची रोपं. आमच्याकडे हे सगळ्यात आधी संपतं. मुळ्याची रोपं काकडीच्या कोशिंबिरीत, शेंगदाण्याचं कूट घालून. मेथीची रोपं धपाट्याच्या पिठात, कच्ची आवडत नाहीत त्यांच्यासाठी. वाटाण्याचे शेंडे गरम तुपात लसणावर अर्धा मिनिट परतून. पिठल्यावर घालायचं तर ताटात वाढल्यावर घाला, कढईत घातलं की मरगळतं.

१२. नंतर

कापून उरलेली कोकोपीट-मुळांची वडी मोडून कुंडीत किंवा खतात टाका. त्याच कोकोपीटवर लगेच दुसरी पेरणी करू नका, जुनी मुळं कुजतात. वाटाणा तेवढा ठेवा, दहा दिवसांनी एक कापणी आणखी देतो.

रोज ताटात हवं असेल तर एकदम चार डबे लावू नका. सोमवारी एक, गुरुवारी एक. सगळे एकाच दिवशी तयार झाले तर अर्धे वाया जातात. शेजारी-पाजारी विकायचा विचार असेल तर दोन-तीन महिने घरात सलग चांगले डबे निघू द्या, आणि विक्रीआधी अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्या.

मोहरीचा पहिला डबा उद्या लावला तर येत्या आठवड्यात कापायला येईल. तोवर दुसऱ्या डब्यासाठी मेथीच्या पन्नास दाण्यांची परीक्षा लावून ठेवा.